पणजोबा कुणाचे?

आषाढातला सोमवार, सकाळपासून पावसाची पिरपिर, आणि वल्लरी हुक्केरी बेलाची पानं ओढणीखाली झाकून लिंगायतांच्या रुद्रभूमीत शिरली तर काय... तिच्या पणजोबांच्या समाधीपाशी एक परका पोरगा उकिडवा बसलेला! बरं, बसलाय तर बसू दे. पण हा बाबा रुमालानं दगडावरचं नाव पुसत होता, आणि मधूनच स्वतःचे डोळेही.

"ओ पावणं, समाधी चुकलीय तुमची."

त्यानं मान वर केली. "गुरुलिंगप्पा हुक्केरी, गुळाचे अडते. हेच न्हवं?"

"हेच की."

"मग चुकली न्हाय. माझे पणजोबा हायत."

"असं कसं? माझे हायत!"

दोघंही हमरीतुमरीवर आले, आणि मग एकदमच हसले. मेलेल्या माणसासाठी असं भांडायचं म्हणजे कमालच!

त्याचं नाव अभिराम. चंदगडात काजूचा छोटा कारखाना चालवत होता. त्याचे आजोबा मल्लाप्पा तरुणपणी बापाशी भांडून कोल्हापूर सोडून गेले, ते पुन्हा राहायला आलेच नाहीत. वडील लवकर वारले, आईही गेली. काका नाही, आत्या नाही. उरलं होतं ते एक नाव आणि एक गाव.

"माझं म्हणावं असं माणूस एवढंच सापडलं," दगडावर तळवा ठेवून तो म्हणाला. असल्या माणसाला पावसात सोडून कसं जायचं? तिनं त्याला घरी चहाला आणलं.

तिचे वडील, अप्पा, सगळं ऐकून त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिले. मग उगाच मोठ्यानं हसले. "म्हंजे भावकीतलाच की रं तू! वल्लरे, दादाला च्या टाक. आणि पोरा, राखीला हितंच यायचं. ही ओवाळंल तुला."

दादा! वल्लरीच्या हातातली साखर ओट्यावर सांडली.

"येतो की, काका," अभिराम म्हणाला, पण नजर सांडलेल्या साखरेवर.

त्या रात्री वल्लरीनं फार विचार केला. हुक्केऱ्यांच्या घरात नावं फिरून फिरून तीच. मग दुसरा एखादा गुरुलिंगप्पा नसेल कशावरून? तो सापडला की पणजोबा वेगळे. पणजोबा वेगळे म्हणजे भावकीही नाही. आणि भावकी नाही म्हणजे... पुढचं मनातसुद्धा म्हणायला तिला लाज वाटली, तरी म्हटलंच.

मग काय! कारखान्याला सोमवारी सुट्टी, म्हणून अभिराम दर सोमवारी चंदगडच्या एस्टीनं यायचा. दोघं मिळून एकेका समाधीवरचं शेवाळ घासायचे, बोटांनी अक्षरं चाचपायचे. बाकीचे दिवस वल्लरीचे कसेबसे जायचे. मंगळवारी तर जेवण घशाखाली उतरायचं नाही. चंदगडात कसला पाऊस लागतो ते टीव्हीवर दिसलं, की हिच्या जिवाला इथं घोर.

"काय ओ, एवढं सावकाश घासताय?"

"लवकर संपलं तर?"

"संपलं तर संपलं. तुमचा काजू वाट बघत असंल की."

"काजू न्हाय कुणाची वाट बघत," तो हळूच म्हणाला. "तुम्ही बघता का?"

ती दगड घासत राहिली. जो आधीच लख्ख झाला होता, तोच.

राखीच्या आधीच्या सोमवारी शेवटची रांगही संपली. दुसरा गुरुलिंगप्पा काही सापडला नाही. दोघं पुन्हा त्याच समाधीशी आले.

"सापडले तुम्हाला तुमचे पणजोबा," वल्लरी म्हणाली. "झालं ना मनासारखं?"

"आधी वाटायचं, हेच माझे असावेत. आता एस्टीत बसलो की वाटतं... नसावेत. मला कुणी नसलं तरी चालंल, पण तुम्ही..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "राखीला मी येणार न्हाय, वल्लरी. तुमच्यापुढं मनगट धरायला जमायचं न्हाय मला."

वल्लरीला रडूही आलं आणि रागही. कुणाचा राग ते कळेना, म्हणून तिनं समाधीच्या पाठीवरच एक जोराची थाप मारली. चुन्याचा मोठा पोपडा सुटून खाली पडला. आत अक्षरं होती.

अप्पा दर वर्षी समाधीला चुना लावायचे. पुढं एक हात, पण मागं बोटभर जाड थर! तिनं घराच्या किल्लीनं खरवडायला सुरुवात केली, त्यानं एस्टीच्या पासानं. ओळ उघडी पडली — "ही समाधी एकुलता एक पुत्र मल्लाप्पा यानं बांधली."

"माझे अज्जा!" अभिराम कुजबुजला.

वल्लरी मात्र 'एकुलता एक'वर अडकली होती. "मग माझे आजोबा कुणाचे?"

ती धावतच घरी गेली. अभिराम मागोमाग आला, पण दाराबाहेर पागोळ्यांखाली थांबला. तिचे चुन्यानं माखलेले हात बघून अप्पा मटकन खाली बसले.

"वाचलंस व्हय?"

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"ठाऊक होतं गं. माझी आजी विधवा. गुरुलिंगप्पांची पहिली बायको गेल्यावर त्या घरात आली. माझा बाप तिचं बोट धरून आला. त्या देवमाणसानं त्याला नाव दिलं, पेढीवर बसवलं. पोटच्या पोराला सोसलं न्हाय, त्यो निघून गेला. बाप मेल्यावर आला, दगड बांधला, नि आम्हाला त्यातनं पुसून गेला." अप्पांनी तिच्या हातांवरचा चुना पुसायला घेतला. "तू राखी बांधली असतीस तर आम्ही त्यांचेच राहिलो असतो. रक्तानं न्हाय, तर दोऱ्यानं."

वल्लरीनं त्यांचे हात धरले. बापाचा अज्जा हिरावून घ्यायचा, की स्वतःचं सुख सोडायचं? तिला हुंदका आवरेना.

"अप्पा, ते तुमचेच हायत. पण मी त्याला दादा म्हणणार न्हाय. मला त्यो आवडतो. लई आवडतो."

अप्पांनी दाराकडं पाहिलं. पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. मग दारात खोकल्याचा आवाज आला.

"गुरुलिंगप्पांनी ज्यांना घरात घेतलं, त्यांना बाहेर काढणारा मी कोण?" अभिराम म्हणाला. तो नखशिखांत भिजला होता. "येऊ का आत... मामा?"

काका नव्हे, मामा! कोल्हापूरकडं सासऱ्याला मामा म्हणतात, हे काय अप्पांना सांगायला हवं? त्यांनी पोरीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"ये की," ते म्हणाले. "जावयाला दारात भिजत ठेवतात व्हय?"