गवताचं कडं

मघापासून तुम्ही खिडकीतल्या त्या बाटलीकडे बघताय. वीज यायला अजून वेळ आहे आणि उद्या तुम्हाला माझ्याबरोबर पाण्यात उतरायचंय, तेव्हा सांगून टाकते. कंदील जरा माझ्याकडे सरकवा.

आपलं काम तुम्हाला ठाऊक आहेच. पाणथळीतल्या सहा जागा, तपासणीच्या पाण्याच्या सहा बाटल्या, महिन्यातून एकदा. पण पाय पडला की तळाचा चिखल उठतो, आणि तो बसेपर्यंत बाटली भरायची नाही. किती थांबायचं, हे मला नावाडीकाकांनी शिकवलं. माणूस उतरला की बेडूक गप्प होतात. ते पुन्हा ओरडायला लागले की समजायचं, पाणी निवळलं. मी घाई केली की बांधावरून हाक यायची, "बाटलीबाई, आधी त्यांना बोलू द्या."

होडी चालवावी इतकी मासळी तेव्हाच उरली नव्हती, पण काका पाणथळ सोडून कुठे जाणार? दोराचं एक टोक माझ्या कमरेला असायचं, दुसरं त्यांच्या हातात. काम संपलं की स्वतःला प्यायला म्हणून ते एक बाटली सहाव्या जागेवरच्या झऱ्यापाशी भरून घ्यायचे. माझ्या बाटल्यांत ती मिसळू नये म्हणून तिच्या गळ्यात हिरव्या गवताचं कडं घालायचे.

भोवतीची शेती वाढत गेली. फवारणी वाढली, आणि शेतांतलं पाणी पाटातून सरळ पाणथळीत यायला लागलं. एका वर्षी बेडूक ओरडलेच नाहीत.

"पाणी बिघडलंय हो," काका म्हणाले.

मी त्यांना अहवाल दाखवला. "सगळं मर्यादेत आहे काका. खुशाल प्या."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी कागदावर. फवारणीच्या नव्या औषधाची तपासणीच आमच्या यादीत नव्हती, हे फार उशिरा कळलं. दोन वर्षांनी काका गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मीही मान डोलावली.

त्यानंतरच्या महिन्यात मी एकटीच गेले. जोडीला माणूस घ्यायचा नियम आहे, पण म्हटलं, इतकी वर्षं करतेय, मला काय होणार. सकाळी दाट धुकं होतं. तणनाशकाने बांध पिवळा पडलेला, हिरवी काडी औषधालाही सापडली नसती. एक जाडसर झुडूप दिसलं, त्याला दोर बांधला, बाटल्यांची पेटी खांद्याला लावली आणि उतरले. बेडूक नव्हते, म्हणून शंभर आकडे मोजून बाटल्या भरत होते.

सहावी बाटली झऱ्यापाशी भरली आणि वास आला. उग्र, लसणीसारखा. फवारणीनंतर शेतातलं पाणी काही दिवस अडवून ठेवायचं असतं. कुणीतरी ते पाटात सोडलं होतं.

औषध अंगात भिनलं, तोंडातून लाळ गळायला लागली. धुकं काळपट होत गेलं. सकाळचे आठ वाजले होते आणि मला वाटत होतं, दिवस मावळतोय. बांध कुठल्या बाजूला, काही कळेना. मी दोर ओढला.

तो सहज आला. ओढत गेले तसा येत गेला, आणि शेवटी ते झुडूप मुळांसकट माझ्या हातात आलं. तणनाशकाने ते कधीच मेलं होतं. मी मेलेल्या झाडाला जीव बांधून आले होते.

हातातून झुडूप सुटलं. चिखल कमरेपर्यंत आला होता.

"काका..." मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

सगळं गप्प होतं. मग उजवीकडे एक बेडूक ओरडला. मग डावीकडे एक... मग दोन्हीकडून कितीतरी. आणि माझ्या कमरेचा दोर हळूहळू ताठ झाला.

कुणीतरी ओढत होतं. घाई न करता, पाऊल निघेल इतकंच. मी डोळे मिटले आणि चालत राहिले. हाताला कोरडी माती लागली तेव्हा बेडूक एकदम थांबले. बांधावर ते झुडूप पडलं होतं, दोर त्याला तसाच बांधलेला. माणूस कुणी नव्हता.

शेतावर निघालेल्या बायकांनी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी पाव तास पाण्यात राहिला असतात तर काही खरं नव्हतं.

भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त मला रडू आलं. ज्यांना मी ते पाणी खुशाल प्या म्हणाले, ते मला बाहेर काढायला आले. हे ऋण फिटायचं नाही, आणि फिटावं असं वाटतही नाही. त्या नमुन्यांमुळे नवं औषध यादीत आलं आणि पाटाला झडप बसली. एवढंच माझ्या हातून झालं.

प्रयोगशाळेत पेटी उघडली तेव्हा आत सात बाटल्या निघाल्या. सातवी ही. कड्याचं गवत बघा, आठ महिने झाले, अजून हिरवं आहे. आतलं ते काळं दिसतंय ना, ते बेडकाचं पिल्लू आहे, शेपटीवालं. जिवंत आहे. काही खात नाही, त्याला पाय फुटत नाहीत. रोज उठल्यावर मी त्याला नमस्कार करते, हसू नका.

काय म्हणालात? दिसत नाहीये?

हो. दुपारपर्यंत पाणी अगदी नितळ होतं. उद्याच्या रिकाम्या बाटल्या पेटीत ठेवायला घेतल्या आणि हे गढूळ झालं. झाकण मी उघडलेलं नाही. कुणी आत्ताच पाय ठेवावा तसा तळापासून चिखल उठतोय.

नाही, उद्या निघायचं की नाही ते आत्ता विचारू नका. हे पाणी निवळेपर्यंत बसा इथे. आधी त्याला बोलू द्या.