पिवळ्या दाराकडून येणारी कुजबुज

"तुमच्याकडे संध्याकाळी कुणी कुजबुजतं का?"

मी शिवणयंत्रावरून मान वर केली. दारात समोरच्या दुकानातला चष्मेवाला उभा होता. एका काखेत लॅपटॉप, दुसऱ्या हातात तांब्याची तार गुंडाळलेली लाकडी चौकट. बाहेर पाऊस रिमझिमत होता आणि चौकटीवरून ओघळणारं पाणी माझ्या नव्या पायपुसण्यावर पडत होतं.

"कुजबुजतात ना, गिऱ्हाईकं! कमरेचं माप सांगायची वेळ आली की सगळीच कुजबुजतात."

तो हसला नाही. हसला असता तर मी त्याला तिथूनच वाटेला लावलं असतं. पण त्याचा चेहरा असा काही उतरला होता, की मी मुकाट्याने स्टूल पुढे सरकवलं.

"दुकान बंद केलं की मी वरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसतो," तो म्हणाला. "हौस आहे. विमानं, जहाजं... हवेत जे काही चाललेलं असतं ते."

लॅपटॉपला बोटाएवढी डबी खुपसलेली होती. तोच म्हणे रेडिओ, बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. पडद्यावर निळा रंग संथ खाली सरकत होता आणि त्यात एक फिकट रेघ उमटत होती, पुसली जात होती.

"ही रेघ दिसते ना? कुणीतरी बोलतंय. आणि ही चौकट म्हणजे अँटेना. ती फिरवत गेलं, की तुमच्या दाराच्या रोखाने आवाज सगळ्यात मोठा येतो."

त्याने हेडफोन पुढे केला. मी कानाला लावला. खरखर... नुसतीच खरखर... आणि मग तिच्या तळाशी कुणीतरी श्वास घेतला.

"...अजून आला नाही..."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. आवाज बाईचा की पुरुषाचा, काही कळेना. माझ्या मानेमागे तोंड आणून कुणी बोलावं इतका तो हलका होता. मी गर्रकन मागे वळले. हँगरला कपडे लटकत होते, त्यांतला एक कोट हलत होता. मघाशी मीच धक्का दिला असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर तो रोज यायला लागला. आम्ही माळा धुंडाळला, कपाटं पुढे ओढली, भिंतींना कान लावले. एक झुरळ सोडलं तर कुणी सापडलं नाही. आवाज मात्र दिवेलागणीला हमखास यायचा. कधी "दिवा लावू का..." कधी नुसतंच "थकला असेल..."

"तुम्ही भूत शोधायला येता, की मला घाबरवायला?" एकदा मी विचारलं.

"तुम्ही कुठे घाबरता? भूतच घाबरेल तुम्हाला."

"म्हणजे मी दिसायला तशी आहे?"

"नाही हो... म्हणजे, मला तसं—"

"चष्मे विकणाऱ्याने जरा नीट बघून बोलावं."

"नीटच बघतो," तो पुटपुटला. त्याचे कान लाल झाले आणि उगाचच तो तारेशी चाळा करत बसला. मी शिवत होते ती बाही त्या दिवशी उलटी जोडली गेली.

मग एका संध्याकाळी, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आई गेल्यापासून घरी मी आणि बाबा. दोघांचं मिळून दिवसाकाठी एक वाक्य होत नाही. आई अशीच वाट बघायची... अजून आला नाही, अजून आला नाही करत." त्याने चौकट मांडीवर ओढून घेतली. "असं होऊ शकतं का हो? माणूस गेल्यावरसुद्धा?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला. तो मला आवडला होता, अगदी मनापासून आवडला होता. पण तो येत होता कुणासाठी? माझ्यासाठी, की त्या आवाजासाठी? आवाज सापडलाच नाही तर हा जन्मभर त्याच्याच मागे हिंडणार. आणि सापडला, तर उद्या माझी पायरी कशाला चढेल?

तेवढ्यात रेघ ठळक झाली.

"...पिवळं दार... ती पोरगी..."

त्याने माझा हात घट्ट धरला. माझ्या दुकानाचं दार पिवळं आहे. आख्ख्या गल्लीत तेवढं एकच. अंगावर सर्रकन काटा आला. जे काही बोलत होतं, ते मला बघत होतं.

भीती वाटली की मला राग येतो. मी ती चौकटच हिसकावून घेतली. कापड हातात आलं की सुलट-उलट बघायची माझी खोड, तसंच तिला फिरवून बघितलं.

"हिची सुलट बाजू कुठली?"

"नसते. तिला पुढून-मागून सारखंच ऐकू येतं."

"मग माझंच दार कशावरून? तुमच्या खोलीत ती माझ्याकडे रोखली, तेव्हा तुमच्या पाठीमागे काय होतं?"

तो एकदम पांढराफटक पडला.

"मागच्या गल्लीत... आमचं घर. पण ते मी पहिल्याच दिवशी सोडून दिलं. आमच्या घरात कोण बोलणार?"

बोलून बसले खरी. आता याचा पाय माझ्या दारातून निघाला, तो कायमचाच. तो उठला, सामान आवरलं, उंबऱ्यापर्यंत गेला... आणि थांबला.

"एकट्याने जायचं धाडस होत नाही. येता?"

छत्री एकच होती. हेडफोनची एक बाजू त्याच्या कानाला, दुसरी माझ्या. गाल जवळजवळ टेकत होते. एरवी मी नुसती मोहरून गेले असते, पण पावलागणिक खरखर विरत चालली होती आणि आवाज जवळ येत होता. आम्ही घरात शिरलो. आत चिडीचूप. कानात मात्र कुणीतरी खाकरलं.

"आईची खोली," बंद दाराकडे बघत तो कुजबुजला. "ती आजारी असताना उशाशी एक यंत्र ठेवलं होतं. तान्ह्या बाळांजवळ ठेवतात ना, तसलं, जवळचं बोलणं रेडिओवरून दुसरीकडे पोचवणारं. तिने हाक मारली की स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून. ते काढायचं राहूनच गेलं, चालूच आहे..."

"आज दुकानावरून गेलो होतो," कानातला आवाज म्हणाला. आता तो स्पष्टच एका म्हाताऱ्या माणसाचा होता. "तिथे पिवळ्या दारात उभा राहून हसत होता. तू गेल्यापासून आजच हसताना बघितला. जीव जडलाय त्याचा त्या पोरीवर. पण तिला सांगायचा नाही, माझ्यावर गेलाय. थकतो गं फार. तू विचार ना त्याला... मला नाही जमत."

चष्मेवाल्याचे डोळे भरून आले होते.

"खरं आहे?" मी हळूच विचारलं. "ते थकण्याचं सोड. त्याच्या आधीचं."

"...हो. आवाज सापडला तरी यायचंच होतं मला. उद्या काय निमित्त काढायचं, एवढंच सुचत नव्हतं."

"निमित्त कशाला? शर्टाचं बटण तोडून आण."

तो हसला. मग त्याने दार ढकललं.

"बाबा, आलो. फार दमलोय आज."

नीटनेटक्या पलंगाशेजारी, खुर्चीत बाबा बसले होते. त्यांनी आधी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी हात पुढे केला. मुलाने तो धरला आणि तिथेच जमिनीवर टेकला.

बऱ्याच वेळाने बाबा रिकाम्या उशीकडे वळले.

"बघ, आला. तिलाही घेऊन आलाय."

आणि ते थांबले. उत्तर ऐकायला माणूस थांबतो तसे. मग त्यांनी मान डोलावली. माझ्या अंगावर पुन्हा काटा आला, पण आता पळून जावंसं वाटलं नाही.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"रागावतेय," बाबा खुर्चीतून उठत म्हणाले. "पोरीला बसायला तरी सांगा, म्हणतेय."