पाहायला शिका

"इथे पाहायला शिकवतात म्हणे?"

मी टाइपरायटरवरून मान वर केली. वाचनालयाच्या टेबलापलीकडे एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. हातात आमचंच पत्रक होतं. चेहरा इतका गंभीर, की चेष्टा करतोय की खरंच विचारतोय ते कळेना.

"पाहायला नव्हे हो, पोहायला," मी म्हणाले.

त्याने पत्रक माझ्यासमोर ठेवलं आणि सहाव्या ओळीवर बोट टेकवलं. 'पाहायला शिका. दर रविवारी सकाळी सात वाजता, तळ्याकाठी. सहकुटुंब या.'

मी ती ओळ पुन्हा वाचली.

सुट्टीत ज्यांना बाहेरगावी जाणं जमत नाही, अशा कुटुंबांसाठी घराजवळचे, जवळजवळ फुकटातले कार्यक्रम करायचे, ही आमच्या ग्रंथपालांची हौस. जुन्या वर्तमानपत्रांची खेळणी, गोष्टींची सकाळ, फाटक्या पुस्तकांना नवी कव्हरं... आणि पोहणं. पत्रकं छापायचं स्टेन्सिल मी कापलं होतं. मराठी टाइपरायटरवर काना वेगळा आणि मात्रा वेगळी. माझ्या हातून मात्रेची कळ हलकी पडली, ती उमटलीच नाही, आणि तीनशे पत्रकं घरोघर गेली.

"चूक झालीय," मी पुटपुटले.

"अरेरे. मला वाटलं, आता माझं दुकान बंद पडणार."

"तुमचं दुकान?"

"चष्म्याचं. पलीकडच्या गल्लीत. काचा घासतो मी." आणि मग तो पहिल्यांदा हसला. "लोकांना तुम्ही फुकटात पाहायला शिकवलंत, तर माझ्याकडे कोण येणार?"

मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. मागे ग्रंथपाल येऊन उभे राहिले होते. त्यांनी पत्रक वाचलं, नोंदवही उघडली.

"सहाव्या कार्यक्रमाला किती नावं आलीत?"

"अकरा कुटुंबं."

"आणि यातल्या किती जणांना पोहायचंय?"

पोहण्याचं कुणी विचारलंच नव्हतं. पाण्यात उतरायला सगळे घाबरतात, पाहायला कोण घाबरतं?

"मग शिकवा पाहायला," ग्रंथपाल म्हणाले. "चूक तुमची, निस्तरा तुम्ही."

ते गेले. मी वहीकडे बघत बसले. चष्मेवाला मात्र हलेना.

"माझंही नाव घ्या," तो म्हणाला.

"कुटुंबात माणसं किती?"

"एक."

"एका माणसाला कुटुंब म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"मला कशाला विचारता? मीही एकच आहे," मी म्हणून गेले, आणि जीभ चावली.

जाताना तो म्हणाला, "रविवारी भिंगं घेऊन येतो. कडा उडालेली, टाकून द्यायची असतात ती. तुम्हाला उपयोग होईल."

त्या उन्हाळ्यात मी एकोणतीस वर्षांची होते. आई जाऊन पाच महिने झाले होते. खोलीत अजून दोन खाटा होत्या. एकीवर मी झोपायची आणि दुसरीवर धुतलेले कपडे ठेवायची, म्हणजे ती रिकामी दिसत नसे. सोमवार ते शनिवार टाइपरायटर माझ्याशी बोलायचा. रविवारचं काय करायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं. सकाळी केस धुवायचे, ते वाळेपर्यंत खिडकीत बसायचं, आणि समोरच्या घरांतून मुलांना हाका मारलेल्या ऐकत राहायचं. कुणीतरी सारखं कुणाला तरी बोलवत असे. माझं नाव मात्र कुणाच्याच तोंडी नसे.

पहिल्या रविवारी मी साडेसहालाच तळ्याकाठी जाऊन उभी राहिले. वाटलं, कुणीही येऊ नये. पण माणसं आली. गाडीच्या कारखान्यातला फिटर, त्याची बायको आणि तीन मुली. एक नर्सबाई आणि तिचा मुलगा. आठ जणांचं एक खटलं, आणि त्यांच्यासोबत घडीची खुर्ची घेऊन आलेली त्यांची आजी. "शिकवणार कोण?" आजीने आल्याआल्या विचारलं. "ही? हिची स्वतःचीच नजर जमिनीत!"

चष्मेवाला आला तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं. त्याने पत्र्याचा डबा उघडला. आत कापसात सतरा भिंगं होती.

"बाई, यांना काय पाहायला सांगताय?" त्याने हळूच विचारलं.

"मला काय माहीत!"

"मग तेच सांगा. म्हणा, मला माहीत नाही, तुम्हीच मला काहीतरी दाखवा."

मी तसंच म्हणाले. आणि काय सांगू, दोन तास गेले कधी ते कळलं नाही. मुलींनी मुंग्यांची रांग शोधली आणि ती कुठून कुठे जाते ते पाहायला सगळे पोटावर झोपले. आटलेल्या काठाच्या भेगांत नर्सबाईला गोगलगायींचे शंख सापडले. "भिंग उन्हात कागदावर धरायचं नाही," असं चष्मेवाल्याने तीनदा बजावलं होतं. फिटरने ते कागदावर धरलं नाही, स्वतःच्या विजारीवर धरलं. भोक पडलं तेव्हा त्याची बायको इतकी हसली, की मुली आईकडे बघतच राहिल्या. "आई अशी हसते?" धाकटीने विचारलं.

मग दर रविवार तसाच. कुणाला काही विकत घ्यावं लागत नव्हतं. मुलं त्याला भिंगकाका म्हणू लागली. आणि मी... शनिवारी केस धुवू लागले.

आमचं बोलणं म्हणजे काय, इकडचं तिकडचं.

"बाई, आज निळी साडी?"

"तुमचं लक्ष भिंगांकडे असू द्या."

"भिंगांतूनच पाहिली. आठपट निळी दिसली."

मे महिन्यातल्या एका रविवारी त्याने नवा खेळ काढला. डोळे मिटायचे आणि आपल्या माणसाचं वर्णन करायचं. फिटरला बायकोच्या कानात काय आहे ते सांगता येईना. "वीस वर्षं झाली!" ती कडाडली. नर्सबाईच्या मुलाने मात्र आईच्या बोटावरची सुईची खूणसुद्धा सांगितली, आणि नर्सबाईने तोंड फिरवून घेतलं.

"आता भिंगकाकांची पाळी!" मुली ओरडल्या. "काका, ताईंचं सांगा!"

"अगं, मी काय त्यांच्या घरचा आहे?" तो म्हणाला. पण डोळे मिटले.

"उजव्या कानाखाली तीळ. मधल्या बोटाला शाई. डाव्या चपलेचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलाय, म्हणून तो पाय जरा ओढतात. हसू आलं की आधी खाली बघतात. आणि नऊ वाजले, सगळे घरी निघाले, की..." तो थांबला.

"की काय?" आजीने विचारलं.

"की पिशवीत उगीच काहीतरी शोधत बसतात. घरी जायला उशीर व्हावा म्हणून."

मी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते, तो थांबवला. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.

"आता ताई, तुम्ही काकांचं सांगा!"

मी डोळे मिटले. मला सगळं माहीत होतं. काच घासून गुळगुळीत झालेले अंगठे, डाव्या बाहीचं वेगळं बटण, बोलताना एक भुवई आधी वर जाते ते, आणि मुलं आई-बापांना बिलगून निघाली की तो त्यांच्या मागे किती वेळ बघत राहतो तेही. सगळं ओठांवर आलं होतं.

"चष्मा आहे," मी म्हणाले.

"इश्श!" आजी म्हणाली. "चष्मा तर मलाही दिसतो, आणि मला मोतीबिंदू आहे!"

सगळे हसले. तोही हसला. पण डबा आवरताना त्याने त्या दिवशी नेहमीसारखी भिंगं मोजली नाहीत.

पुढच्या रविवारी त्याने सहज बोलल्यासारखं सांगितलं, की दुसऱ्या शहरात बहीण असते, तिथे मेहुण्यांचं मोठं दुकान आहे, भागीदार म्हणून बोलावतायत. सुट्टी संपली की जायचं. मी म्हणाले, "अरे वा." आणि त्या आठवड्यात एका पत्रात अकरा चुका केल्या.

शेवटच्या रविवारी कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होत्या, घरोघर गणवेश आणि वह्यांची धांदल होती. तळ्याकाठी आम्ही दोघंच. साडेआठ झाले. उन्हं तापली.

"आज मेहुण्यांना कळवायचंय," तो म्हणाला.

"चांगलंच आहे की. मोठं शहर, मोठं दुकान."

"हो. सगळे असंच म्हणतात."

तो एकेक भिंग कापसात ठेवू लागला. सतरा भिंगं ठेवायला वेळ तो किती लागणार? मी पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. शोधण्यासारखं काही नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

डब्याचं झाकण लागलं.

"बाई, मग... जाऊ ना मी?"

जा, असं म्हणणं किती सोपं होतं. शिष्टाचाराला धरून होतं. नंतर घरी जाऊन केस वाळवत खिडकीत बसता आलं असतं, जन्मभर.

"नका जाऊ," मी म्हणाले.

"काय?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"आलंय. पण... पुन्हा ऐकायचंय."

"पुन्हा नाही म्हणणार."

"बरं," तो म्हणाला आणि डबा मांडीवर घेऊन परत खाली बसला. कान लाल झाले होते. माझेही झाले असणार.

बराच वेळ आम्ही दोघंही पाण्याकडे बघत होतो. पाण्यात काहीसुद्धा नव्हतं.

"चहा घेणार?" शेवटी मी विचारलं. "खोली जवळच आहे. पण साखर संपलीय माझ्याकडची."

"मी बिनसाखरेचाच पितो," तो झटकन म्हणाला.

खोलीत बसायला दुसऱ्या खाटेवरचे कपडे उचलावे लागले. तिथे बसून त्याने कपभर बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता संपवला, वर "फार छान झालाय" असंही म्हणाला. लग्नाला पंधरा दिवस झाल्यावर मला कळलं, की ह्यांना एका कपाला तीन चमचे साखर लागते.

ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. हल्ली किलोभर साखर आणली, की संपायच्या आत डब्यात तिचे खडे होतात.