तणसाचं कुलूप

प्रयोगशाळेतल्या दोन काचनळ्यांत हिरडगावच्या एकाच बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल होता. एका नळीत वर पाणी उभं होतं. दुसरीतलं पाणी डॉ. यशोधरा रामटेके यांनी काढून टाकलं होतं.

नव्याने रुजू झालेले डॉ. चिमोटे आकडे पाहून म्हणाले, "चिखल एकच, मग सुकलेल्या नळीत कॅडमियम इतकं मोकळं कसं?"

"भाताचा पेंढा, इकडचं तणस, चिखलात गाडून वर पाणी ठेवलं, की जंतू तणस खाताना हवा संपवतात. बिनहवेच्या चिखलात कॅडमियम गंधकाला चिकटून बसतं. मुळांना ते ओढता येत नाही. आम्ही त्याला धातुकुलूप म्हणतो."

"आणि सुकलं की हवा शिरते."

"म्हणूनच तिथल्या बांध्या आम्ही कधी सुकू दिल्या नाहीत. लोक गुडघाभर पाण्यात धान कापतात."

टेकडीवरच्या बंद जस्तखाणीतून कॅडमियम वाहत येई. कुलूप लागल्यापासून गावातली मूत्रपिंडाची दुखणी थांबली होती. सगळ्यांत आधी तणस गाडणारे इस्तारी कापगते आज प्रयोगशाळेतल्या बाकावर बसून होते. मुलगी पुष्पकला पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, म्हणून विहिरीचं पाणी आणि घरचा तांदूळ ते तपासायला घेऊन आले होते.

दोन्हींत आर्सेनिक निघालं.

यशोधराने त्यांना समजावलं, की चिखलातल्या लोखंडाने आर्सेनिक धरून ठेवलेलं असतं. हवा संपली की लोखंडच विरघळतं आणि आर्सेनिक सुटतं. हवा द्यावी तर कॅडमियम, तोडावी तर आर्सेनिक. थोडं पाणी, थोडी हवा असा मधला मार्ग असतो, पण इतकं कॅडमियम साठल्यावर तो चालत नाही. चिखल उपसला तरी त्याला वारा लागणारच.

"मंग गाव सोडतो आमी," इस्तारी म्हणाले. "पोरीकडं जातो, तिच्या सासरी."

"कुठं दिलीय तिला?" चिमोटेंनी विचारलं.

"खाली, नदीकाठी. पिंपळटोल्याला."

चिमोटे म्हणाले, "भाऊ, गाव उठलं तर उन्हाळ्यात बांध्या सुकतील. इतक्या वर्षांचं कॅडमियम पहिल्या पुरात नदीत उतरेल. पिंपळटोला तेच पाणी पितो."

"म्हणजे आमी राह्यचं."

"कुणीतरी पाणी धरायला हवं. धान पिकवायचं ते तणसासाठी. खायचं नाही. प्यायचं पाणी टँकरनं येईल."

"कधीपर्यंत, मॅडम?"

"ते मलाही माहीत नाही," यशोधरा म्हणाली.

इस्तारींचा फोन वाजला. पुष्पकला विचारत होती, न्यायला कधी येता.

"नको येऊ माय. तिथंच राह्य," ते म्हणाले. "तिथलं पाणी चांगलं आहे."

तिने काहीतरी विचारलं. त्यांनी नळ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे.

"काही नाही झालं जी. इकडं धानाची रोवणी लागली आहे, तुझ्याकडं पाहायला कोणी नाही."