मंगळाचं चाळिसावं मत

मंगळावरच्या लालगाव वसाहतीत गेल्या वर्षी एक विचित्र प्रकार घडला. तिथल्या चाळीस मुलांनी 'धूळचौकी' या आपल्या लाडक्या मालिकेला मतं दिली, अगदी वेळेत दिली, आणि पृथ्वीवर मोजणी झाली तेव्हा लालगावच्या नावापुढे चक्क भोपळा!

"लबाडी आहे त्यांची!" असं म्हणत मुलांनी वर्षभर दातओठ खाल्ले. बारा वर्षांच्या वैजूनं तर जरा जास्तच. आणि आता गोष्ट गळ्याशी आली होती. वाहिनीनं कळवलं होतं, 'मंगळावर ही मालिका कुणी बघत नाही असं दिसतं. या वेळी निदान चाळीस मतं आली नाहीत, तर आजच्या भागानंतर तिकडचं प्रक्षेपण बंद.' मतपेटी दर वर्षीप्रमाणे भागाबरोबरच आठ वाजता उघडणार होती आणि आठ वीसला बंद होणार होती.

'धूळचौकी' ज्यांनी पाहिली नाही त्यांची मला खरंच कीव येते. ही अंतराळातली वेस्टर्न (ओसाड मुलखात नवं गाव वसवणाऱ्या रांगड्या, दिलदार माणसांची साहसकथा, इथे फक्त घोड्याच्या जागी यान). उजाड ग्रहावर एकच पोलीस चौकी, आणि तिथली जमादारीण तारूबाई. तिचं यान 'तट्टू' लाथ घातल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. दरोडेखोर येवोत नाहीतर पाण्याची टाकी फुटो, तारूबाई राजधानीच्या हुकमाची वाट बघत बसत नसे. टोपी मागे सरकवून म्हणे, "उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर आपण आहोत की!" हे वाक्य आलं की लालगावचं सभागृह शिट्ट्यांनी दणाणून जाई.

त्या संध्याकाळी सात वाजता वैजू सभागृहात मतांसाठी पडदापाट्या (पडद्यावर बोट टेकवून चालवायच्या पाट्या) मांडत होती. तेवढ्यात कुमुदआत्या आली. वैजूची ही आत्या म्हणजे वसाहतीच्या मोठ्या अँटेनाची शास्त्रज्ञ. मालिकेचं नाव काढलं की नाक मुरडायची. "लाथ घालून म्हणे यान सुरू होतं! काहीतरीच बाई."

"आत्या, गेल्या वर्षी आम्ही आठ पाचला मतं पाठवली. मग ती गेली कुठे?"

"कुठल्या घड्याळातले आठ पाच?"

"हे काय, या!" वैजूनं भिंतीकडे बोट दाखवलं.

ते घड्याळ म्हणजे लालगावचा जीव की प्राण. मंगळावर आलेल्या पहिल्या माणसांनी पद्धतच पाडली होती, की पृथ्वीकडून वेळेचा संदेश येईल तसं हे घड्याळ चालायचं. गावाकडे आठ वाजले की इथेही आठ, असं त्यांना वाटायचं. दिवाळीचा पहिला दिवासुद्धा इथे त्याच घड्याळावर लागायचा.

आत्यानं एका चिठ्ठीवर 'आठ वाजले' असं लिहून ती वैजूच्या हातात दिली. "मी पृथ्वी, तो बाक मंगळ आणि तू संदेश. एक पाऊल टाकलंस की एक मिनिट गेलं. चौदा पावलं चाल."

वैजू मोजत मोजत बाकापाशी पोहोचली.

"चिठ्ठीत किती वाजलेत?"

"आठ."

"आणि माझ्याकडे, पृथ्वीवर?"

"आठ... अगंबाई! आठ चौदा!"

"मग तुमचं घड्याळ चौदा मिनिटं मागे नाही का? रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगानं धावतात, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याहून जोरात कुणालाच धावता येत नाही. पण पृथ्वी आज आहे पंचवीस कोटी किलोमीटरवर. कर भागाकार."

आठशे तेहतीस सेकंद! म्हणजे जवळजवळ चौदा मिनिटं.

"हा संदेशविलंब (निघालेला संदेश पोहोचायला लागणारा वेळ). ग्रह फिरतात, अंतर बदलतं, तसा तोही बदलतो. गेल्या वर्षी मतांच्या दिवशीही तो साधारण एवढाच होता. बरं, आता तुझं मत घेऊन माझ्याकडे परत ये."

वैजू वळली. पुन्हा चौदा पावलं. तिसऱ्या पावलालाच ती थबकली. "जाताना चौदा, येताना चौदा, अठ्ठावीस! आमच्या आठ पाचची मतं तिकडे पोहोचली आठ तेहतीसला. पेटी तर आठ वीसलाच बंद झालेली!" तिनं कपाळावर हात मारला. "आणि हे शाळेत शिकलोय गं आम्ही!"

शाळेत शिकलेलं परीक्षेत लिहायचं असतं, भिंतीवरच्या घड्याळाला लावून बघायचं नसतं, अशी आपली सगळ्यांचीच समजूत!

"म्हणजे आपल्या घड्याळात सात बत्तीसला पाठवलं तर पेटी उघडताना पोहोचेल," वैजूनं हिशेब केला, "आणि सात बावन्ननंतर पाठवलं तर संपलंच. पण आत्या, भाग तर इथे आठला दिसणार!"

सात चाळीसला मुलं जमली. वैजूनं सगळं सांगितलं, तसा एकच गलका झाला.

"न बघताच मत?" मकरंद म्हणाला. "चाखल्याशिवाय कुणी भाजीला छान म्हणतं का?"

त्याचंही काही चूक नव्हतं. वैजू एकदम बोलायला लागली, "आपल्याला तारूबाई का आवडते, सांगा बघू? राजधानी लांब. विचारायला वेळ, उत्तराला वेळ. म्हणून तिला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. मागच्या महिन्यात हवेचा पंप अडकला, तेव्हा आपण पृथ्वीला विचारत बसलो होतो का? तिकडच्या लोकांना ही मालिका म्हणजे गंमत वाटते. पण ती आपली गोष्ट आहे रे! आणि आज आपल्यालाच उत्तराआधी ठरवायचंय."

पाट्यांवर भराभर बोटं पडली. मकरंद मात्र हात बांधून उभा राहिला. "तुझं पटतंय, वैजू. पण न बघता मी मत देणार नाही." त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही.

सात एकोणपन्नास. मतं एकोणचाळीस. एका मतासाठी सगळं जाणार, म्हणून वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात कुमुदआत्यानं एक पाटी ओढली आणि ठप्पकन बोट टेकवलं. चाळीस!

"आत्या! तू बघतेस?"

"पहिल्या भागापासून," आत्या पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते. "अँटेनाच्या खोलीत. संदेश आधी माझ्याकडेच येतो ना!"

आठ वाजता भाग सुरू झाला. तट्टूनं चार लाथा खाल्ल्या आणि उड्डाण केलं. साडेआठला पडद्यावर अक्षरं उमटली: 'लालगाव, मंगळ: चाळीस मतं. प्रक्षेपण चालू राहील.' सगळ्यात मोठी शिट्टी मारली ती मकरंदनं.

"उद्या गुरूच्या चंद्रांवर माणसं राहायला गेली, तर संदेशाला पाऊण तास लागेल," आत्या म्हणाली.

"मग त्यांना तर तारूबाई आपल्याहून जास्त आवडेल!" वैजू म्हणाली आणि बाकावर चढून नाचायला लागली.

पृथ्वीवर ती बातमी एव्हाना चौदा मिनिटं शिळी झाली होती. लालगावात तिची गोडी तेवढ्यानं रतीभरही कमी झाली नाही.