काडेपेटीतला कापूस

दिवा राहू दे चालू. मला काही होत नाही, तुमच्यासाठी म्हणतोय.

माझ्या दुकानाशेजारी डिंक्याचं दुकान होतं. फुटलेली चिनीमाती अशी जोडायचा की सांधा शोधत बसावं. आता सांगतो ते त्यानेच मला सांगितलं, आणि थापा मारणाऱ्यातला तो नव्हता.

एका गुरुवारी दुपारी तो एका आजींकडे त्यांचं चित्र परत द्यायला गेला. तळहाताएवढ्या चिनीमातीवर रंगवलेला त्यांच्या आईचा चेहरा, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचा. आई बाळंतपणातच गेलेली. आजींनी तिला पाहिलं ते एवढंच. त्यांनी ते फक्त मळ पुसायला दिलं होतं.

भट्टीत भाजलेला रंग स्पिरिटने जात नाही. तरी आधी कोपऱ्यात पुसून बघायचं, हा डिंक्याचा नेम. पण हे चित्र पुसायला घेतलं त्या दिवशी त्याला जेवायची घाई. बोळा थेट चेहऱ्यावर फिरवला. नेमका चेहराच न भाजलेला निघाला. डोळे, नाक, ओठ... सगळं कापसावर.

मग त्याने आजींचं नाक आठवून अंदाजाने दुसरी बाई रंगवली. तो कापूस मात्र टाकवेना. काडेपेटीत घालून खणात ठेवला.

त्या गुरुवारी आजींनी चित्र खिडकीशी नेलं. बराच वेळ पाहिलं.

"आई वेगळीच दिसते रे. माझेच डोळे गेले असतील."

"तीच आहे, आजी," डिंक्या म्हणाला. म्हणाला खरा, पण त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. उद्या जाऊन सांगतो, असं मला रोज म्हणायचा. मीही म्हणायचो, जाऊ दे, म्हातारीला काय कळतंय. ते मला अजून खातं.

पुढचा गुरुवार. रात्रीचे सव्वाआठ. वीज गेली. डिंक्या मेणबत्ती शोधत होता. दारात कुणीतरी उभं...

आजी होत्या. एकट्या.

"या ना, आजी."

आजी उंबऱ्याबाहेरच.

"बसा..."

त्यांनी हात पुढे केला. तळवा वर. रिकामा.

डिंक्या रडला. सगळं बोलून टाकलं. चुकलो म्हणाला. खणातली काडेपेटी काढली. त्या हातावर ठेवली. हात थंड...

वीज आली. दारात कुणी नव्हतं. काडेपेटी उंबऱ्यावर.

सकाळी कळलं, आजी आदल्या दिवशी संध्याकाळी पाचलाच गेल्या होत्या.

डिंक्याने दुकान बंद केलं, जाताना काडेपेटी माझ्याकडे दिली. ही बघा. उघडा तुम्हीच. चेहऱ्याच्या गुलाबी रंगाने माखलेला बोळा मी स्वतः पाहिला होता, त्याने पहिल्या दिवशीच दाखवला होता.

आता कापूस पांढराशुभ्र आहे.