पडद्यामागचं एक बोट

"या डोंगरावर तीन गोष्टींना मरण नाही, फांगदादा. धुकं, चहा आणि यानगुरुजींची चहादाणी!" घाट चढता चढता खासगी गुप्तहेर हुओ चिंगलान यांनी जाहीर केलं.

इतक्यात वरून एक माणूस धावत आला आणि चहादाणी पहाटेच चोरीला गेल्याचं सांगून धापा टाकत खाली बसला.

"दोन गोष्टींना," हुओबाईंनी दुरुस्ती केली आणि चढ चालू ठेवला.

हुओबाईंचा मदतनीस फांग आधी वीस वर्षं पोलिसात होता. तिथे त्याला चोराआधी नाश्ता सापडत असे. आताही तो सवयीप्रमाणे स्वयंपाकघराचा वास घेत आत शिरला.

यानगुरुजी अंगणात येरझारा घालत होते. "तीनशे वर्षं एकाच झाडाचा चहा मुरलाय तिच्यात! साबण कसला तो लागलेला नाही. आता नुसतं गरम पाणी ओता, चहा होऊन बाहेर येतं. आणि वर वाफेचा करकोचा उडतो. तो बघूनच धुकेदेवी खाली उतरते. बारा वर्षांतून एकदा. आज दुपारी!"

"आणि करकोचा उडाला नाही तर?"

"बारा वर्षं या डोंगरावर धुकं नाही. म्हणजे चहा नाही. पण चोर मला ठाऊक आहे." त्यांनी भिंतीवरच्या शिष्यांच्या नावांच्या पाट्यांकडे बोट केलं. "सूवेन. दुपारी तिची पाटी उतरणार."

सूवेन दारातच उभी होती. नऊ वर्षं पानं भाजून तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती. रडून झालेलं होतं.

"काय झालं ते सांग, पोरी," हुओबाई म्हणाल्या.

"देवीच्या चहाआधी तीन दिवस, आज उजाडेपर्यंत, ओतणाऱ्याने कुणाचं तोंड पाहायचं नाही, बोलायचं नाही. मी पडद्यामागे होते. पहाटे कुणीतरी येऊन बसलं. मी पडद्याखालून कप सरकवला. पलीकडे मेजावर बोट वाजलं. टक्. एकदाच. मला वाटलं, गुरुजी! चहादाणीही पडद्याखालून त्यांच्यापाशी सरकवून मी झऱ्यावर पाण्याला गेले. परत आले तर पडद्यापलीकडे कुणी नाही, चहादाणीही नाही."

"मी?" गुरुजी कडाडले. "मी देवळात घंटा बडवत होतो! चाळीस माणसांनी पाहिलं!"

फांग हुओबाईंच्या कानाशी लागला. "पोरगी थापा मारतेय."

"बघू. सूवेन, सगळ्यांना चहा टाक. साध्या भांड्यातला चालेल."

आधी आला थोरला शिष्य दुआन. सूवेनने कप भरताच त्याने मेजावर दोन बोटं वाजवली. "मी पहाटे भट्टीवर होतो, बाई. एकटाच. साक्षीदार हवाय? भट्टीला विचारा."

"चहादाणी तुला मिळाली असती तर?"

"देवीसमोर मी ओतायला बसलो असतो. पण माझा करकोचा नेहमी बदकासारखा निघतो," तो खिन्नपणे म्हणाला.

मग चहाचे व्यापारी शी. त्यांनीही कप भरताच दोन बोटं वाजवली. "मी सरळ मागितली होती विकत. नाही म्हणाले. मी पाहुणा माणूस, पहाटे झोपलो होतो."

"घोरत होते," फांगने तपासाअंती सांगितलं. "सगळी वाडी साक्षीला आहे."

गुरुजींपुढे कप आला तेव्हा रागातही त्यांचं एक बोट सवयीने वाजलं. टक्.

"आता घरात राहिलं कोण?" हुओबाईंनी विचारलं.

"माझी आई," गुरुजी म्हणाले. "नव्वद वर्षांची. चहाच्या खोलीला लागूनच निजते. वैद्याने चहा बंद केलाय, दोन वर्षं नुसत्या गरम पाण्यावर आहे. दिवसभर झोपून असायची बिचारी. आज मात्र पहाटेपासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. चोरीचा धसका घेतलाय तिने."

थोरल्या आई रजईत पाय घालून ताठ बसल्या होत्या. डोळे लखलखत होते.

"या, या! गुप्तहेर का? लग्न झालंय? नाही? चांगलं केलंस. हा जाड्या कोण? याला खायला द्या रे कुणीतरी!"

"थोरल्या आई, वसंत ऋतू चालू आहे. रजई कशाला?" हुओबाईंनी विचारलं.

"पाय शेकतेय. म्हातारीचे पाय, तुला काय कळणार!"

हुओबाईंनी वर पाहिलं. बरोबर पलंगाच्या वर छताला पाण्याचे थेंब लटकत होते. एक थेंब फांगच्या नाकावर पडला.

"छत गळतंय," फांग म्हणाला.

"पंधरा दिवसांत पाऊस नाही, दादा. सगळ्यांना आत बोलवा."

सगळे जमले. उन्हं डोक्यावर येत होती.

"आपल्याकडे चहाचे आभार बोटांनी मानतात," हुओबाई म्हणाल्या. "धाकट्याने मूठ टेकवायची, बरोबरीच्याने दोन बोटं, वडीलधाऱ्याने एक. मघाशी सूवेननेच ओतलं. दुआनची दोन वाजली, शींची दोन वाजली. पहाटे वाजलं एकच. गुरुजी देवळात होते. मग सूवेनपुढे एक बोट वाजवणारं या घरात दुसरं कोण?"

"पण दुआनने मुद्दाम एकच वाजवलं असेल तर?" फांगने विचारलं.

"असेलही. पण या खोलीत दुआन निजत नाही. दोन वर्षं चहा न मिळालेलं माणूस एकाएकी जागं कशाने राहतं? छत कोरड्या दिवसांत ओलं कशाने होतं? वाफेचा करकोचा छताला धडकला की! आणि जिला फक्त गरम पाण्याची परवानगी आहे, तिला या डोंगरावरची कुठली वस्तू सगळ्यात जास्त उपयोगाची? थोरल्या आई, पाय बाजूला घ्या."

रजई उचलली. दोन पावलांच्या मधोमध चहादाणी होती. अजून कोमट.

"आई!" गुरुजी किंचाळले.

"ओरडू नकोस. वैद्य म्हणाला गरम पाणी. मी गरम पाणीच ओतलं. पुढे आत त्याचं काय होतं, ते या चहादाणीला विचार."

"आणि पहाटेचा कप?"

"तो पोरीने दिला. परत केला असता तर तिचा अपमान झाला असता." मग म्हातारी सूवेनकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं गं. दुपारपर्यंत परत ठेवणार होते. पण दुसऱ्या कपानंतर काही सुचेना."

गुरुजी सूवेनला घेऊन चहाच्या मेजाकडे गेले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने कप भरला आणि सूवेनपुढे धरला. तिने काळ्या बोटांची मूठ मिटून मेजावर टेकवली. तिची पाटी भिंतीवरच राहिली.

घंटा झाली. अंगणात सूवेनने पाणी ओतलं आणि पांढराशुभ्र करकोचा पंख पसरून शिखरापर्यंत गेला. धुकं दुभंगलं. बारा वर्षांनी देवी पायऱ्या उतरली. सगळा डोंगर कपाळ टेकवून आडवा झाला, फांगसुद्धा.

सूवेनने दोन्ही हातांनी कप पुढे केला. देवीने तो पाहिला, पोटावरून हात फिरवला आणि जरा संकोचून म्हणाली,

"वाटेत काहीतरी बाधलंय गं. नुसतं गरम पाणी मिळेल का? साध्या भांड्यातलं."